जिओइन्फर्मेटिक्सची दोन वर्षं: आधी डेटा सांभाळायला शिक

तुझे प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भूगोलात बीए झालंय, मुंबईत जिओइन्फर्मेटिक्सच्या (संगणकावर नकाशे आणि जागेचा डेटा हाताळायच्या शास्त्राच्या) एमएस्सीला प्रवेश मिळालाय, बदलापूरहून रोज ये-जा करणार आहेस, आणि गणित दहावीनंतर सुटलं म्हणून मनात धास्ती आहे. नकाशांच्या सॉफ्टवेअरपैकी आर्कजीआयएस शिकू की क्यूजीआयएस, कोडिंग किती लागेल, प्रबंधाला विषय कोणता घेऊ, आणि एका खासगी क्लासचं साठ हजारांचं सर्टिफिकेट घ्यावं का, असं विचारलं आहेस. मी बावीस वर्षं याच कामात आहे. नगररचना, पाणी, आरोग्य अशा विषयांचे नकाशे आणि त्यामागचा डेटा हे माझं रोजचं काम, आणि गेली नऊ वर्षं शिकवतेही.

सॉफ्टवेअरचा प्रश्न लगेच मिटवते. विद्यापीठाच्या लॅबमध्ये जे असेल ते शिक आणि घरच्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस टाक. ते मोफत आहे, २००२ पासून जगभरातली माणसं मिळून ते घडवत आली आहेत, आणि लायसन्स संपलं म्हणून तुझं काम अडकून पडणार नाही. एक नीट आलं की दुसऱ्यातले मेनू पंधरा दिवसांत सापडतात. या वादात याहून जास्त वेळ घालवू नकोस.

मन लावून शिकायची गोष्ट वेगळी आहे. भाजीत मीठ विसरलं तर पहिल्या घासाला कळतं. या कामात चुकीचा डेटा घातला तरी नकाशा येतोच, आणि तितकाच सुबक येतो. रंग छान, सूचिका नीट, उत्तर दिशेचा बाण जागेवर. चूक कुठे आहे हे ओळखायला दोन गोष्टी लागतात: डेटा कुठून, कधी, कसा आला याची नोंद, आणि प्रत्यक्ष जागेची माहिती. विद्यापीठातली दोन वर्षं याचा हात बसवण्यासाठी आहेत असं समज.

पहिल्याच आठवड्यात हे करून बघ. उपग्रहाच्या चित्रावर शिवाजी पार्कच्या मैदानाची हद्द आख आणि क्षेत्रफळ काढ. मैदान साधारण २८ एकरांचं आहे. वेबवरच्या नकाशांचं नेहमीचं प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत) मर्केटरचं, त्याचा सांकेतिक क्रमांक ईपीएसजी ३८५७. त्यात सपाट क्षेत्रफळ काढलंस तर उत्तर ३१ एकरांच्या पुढे जाईल. वरची तीन एकर जमीन कुठून आली? मर्केटरच्या पद्धतीत विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतसं सगळं फुगत जातं. मुंबईच्या १९ अक्षांशावर अंतर जवळजवळ ६ टक्क्यांनी फुगतं आणि क्षेत्रफळ १२ टक्क्यांनी. तीच आकृती यूटीएम पद्धतीच्या (ती पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे, म्हणजे झोन, पाडते) ४३ उत्तर झोनमध्ये, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये नेलीस की उत्तर ताळ्यावर येतं. तिथे मुंबईत एका किलोमीटरला पाव मीटरच्या आसपास फरक राहतो, तो बहुतेक कामांना चालतो. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळाचं एक फंक्शन पृथ्वीची गोलाई धरून मोजतं आणि दुसरं लेयरच्या (नकाशातल्या त्या थराच्या) प्रोजेक्शनमध्ये सपाट मोजतं. दोन्ही चालवून बघ, आकड्यांतला फरक वहीत लिहून ठेव. प्रोजेक्शनच्या धड्यावर परीक्षेत दहा गुण असतील. कामात त्यावर सगळं उभं असतं.

अक्षांश-रेखांशातल्या लेयरला कुणी १०० चा बफर (भोवतीचा पट्टा) दिला, तर ते १०० मीटर नसतात, १०० अंश असतात. मुंबईत रेखांशाचा एक अंश साधारण १०५ किलोमीटरचा आणि अक्षांशाचा जवळजवळ १११ किलोमीटरचा. म्हणून अंशांत काढलेलं वर्तुळ जमिनीवर किंचित लांबट होतं. अक्षांश आणि रेखांशाचे रकाने उलटे लागले तर कुर्ल्यातला दवाखाना नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन पडतो. ही चूक बरी, कारण ती डोळ्यांना दिसते. आणि ४३ झोन ७८ रेखांशाला संपतो. नागपूर ४४ मध्ये येतं, तेव्हा राज्यभराचं काम असेल तर झोनचा विचार पहिल्या दिवशी करायचा.

विभागाच्या संग्रहातून जुनी टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचा भूरूप नकाशा) मागून घे. मुंबईचा मोठा भाग ४७ ए/१६ मध्ये येतो, दक्षिणेचं टोक ४७ बी/१३ मध्ये. जुन्या शीट एव्हरेस्ट एलिप्सॉइडवर आहेत आणि मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर; पृथ्वीचा आकार धरायच्या या दोन वेगळ्या पद्धती, म्हणजे वेगळे डेटम. शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच उचलून वापरले तर रस्ता सरकून भलत्याच ठिकाणी जातो. २००५ च्या नकाशा धोरणानंतर आलेल्या ओपन सिरीजच्या शीट डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत. जुनी आणि नवी शीट शेजारी ठेवून एकच चौक दोन्हींवर शोध; डेटम म्हणजे काय हे मग आयुष्यभर विसरणार नाहीस.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती अजून मनातून गेलेली नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी गोवंडीतल्या वस्त्यांमधली सार्वजनिक शौचालयं नोंदवत होतो. मुलं गल्लीबोळांतून फिरून मोबाइलवर ठिकाण घ्यायची. पत्र्याच्या भिंती, दोन मजली खोल्या, वर आकाशाची चिंचोळी पट्टी. अशा ठिकाणी जीपीएस वीस-तीस मीटर सहज भरकटतं. हद्दीलगतची काही शौचालयं नाल्यापलीकडच्या प्रभागात पडली. मी बिंदू आणि प्रभाग यांचा स्पेशियल जॉइन (कोणता बिंदू कोणत्या प्रभागात पडतो ती जोडणी) लावला, तक्ता तयार झाला, पुढे गेला. नंतर वस्तीतल्या बैठकीत नकाशा भिंतीवर लावला तेव्हा एक बाई उठून जवळ आल्या, बोट ठेवून म्हणाल्या, "हा आमच्या गल्लीतला संडास तुम्ही नाल्याच्या पल्याड नेलात. तिकडून यायला पूल तरी कुठंय?" त्या रोज पहाटे तिथल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या. माझ्या तक्त्यात त्यांच्या गल्लीला शौचालयच नव्हतं आणि पलीकडच्या प्रभागाला एक जास्तीचं मिळालं होतं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक सर्वेक्षणात तीन रकाने सक्तीचे असतात: जीपीएसनं दाखवलेली अचूकता किती मीटर, तारीख-वेळ, आणि नोंदणाऱ्याचं नाव. हद्दीपासून ३० मीटरच्या आत पडलेला प्रत्येक बिंदू माणसानं उपग्रहचित्रावर डोळ्यांनी तपासायचा. कंटाळवाणं काम आहे. पण ज्या शहरात नकाशातल्या एका रेषेवर कुणाचं घर आरक्षणात जायचं की राहायचं हे ठरतं, तिथे हा कंटाळा करून चालत नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला तेव्हा त्यातल्या चुकांवर शहरभर हरकती उठल्या आणि मसुदा मागे घेऊन दुरुस्त करावा लागला. ती कहाणी वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांतून जरूर वाच.

डेटा सांभाळण्याबद्दल अभ्यासक्रमात एखादाच धडा असतो, आणि कामाचा निम्म्याहून जास्त वेळ त्यातच जातो. म्हणून इथे थोडं थांबते. तुला बहुतेक डेटा शेपफाइल या नकाशांच्या फाइल-प्रकारात मिळेल. शेपफाइल ही एक फाइल नसते. चार-पाच फाइलींचा जुडगा असतो, आणि त्यातली एक हरवली की खेळ बिघडतो. प्रोजेक्शनची फाइल गेली तर लेयर कुठे बसवायचा हे सॉफ्टवेअरला कळत नाही. अक्षरांच्या एन्कोडिंगची छोटी फाइल गेली तर मराठी गावांची नावं प्रश्नचिन्हं होऊन जातात. शिवाय रकान्याच्या नावाला जागा फक्त १० बाइट. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये ३ बाइट घेतं, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा. 'लोकसंख्या' या शब्दाला २७ बाइट लागतात. शेपफाइलमध्ये त्यातलं 'लोक' एवढंच मावतं. मराठीत डेटा ठेवायचा असेल, आणि ठेवावाच असं माझं मत आहे, तर पहिल्या दिवसापासून जिओपॅकेज वापर. २०१४ पासूनचं खुलं मानक आहे, सगळं एकाच फाइलमध्ये राहतं, आणि 'गावाचे_जुने_नाव' असा रकाना बिनधास्त ठेवता येतो.

तक्ता नकाशाला जोडताना जोडणी नेहमी कोडवर (जिल्ह्याच्या किंवा गावाच्या ठरलेल्या क्रमांकावर) कर, नावावर नाही. एक साधा सराव देते. २०११ च्या जनगणनेचा जिल्हावार तक्ता घे आणि आजच्या महाराष्ट्राच्या नकाशाला जोडून बघ. नकाशात ३६ जिल्हे, तक्त्यात ३५. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे तो कोरा राहील, आणि ठाण्याचा आकडा मात्र जुन्या मोठ्या ठाण्याचा असून आजच्या छोट्या ठाण्यावर बसेल. घनता काढलीस तर ठाणे भलतंच दाट दिसेल, आणि ते कुणाला खटकणारही नाही, कारण ठाणे दाट आहे हे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे. अशी पटणारी चूक सगळ्यात वाईट. नावावर जोडणी केली असशील तर त्यात औरंगाबाद–छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद–धाराशिव, अहमदनगर–अहिल्यानगर हेही गळतील. कोडचा रकाना एक्सेलमध्ये उघडताना तो मजकूर म्हणूनच उघड. नाहीतर ०००७ चा ७ होतो आणि जोडणी गुपचूप तुटते. जोडणीनंतर किती ओळी जुळल्या आणि किती राहिल्या, हा आकडा प्रत्येक वेळी लिहून ठेवायचा. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी तो मागतेच.

मिळालेली मूळ फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव आणि तिला कधीही हात लावू नकोस. प्रत्येक लेयरसोबत चार ओळींची टीप असू दे: कुणाकडून, कोणत्या तारखेला, कोणतं प्रोजेक्शन, मी त्यात काय बदललं. मुंबईचं क्षेत्रफळ साधं शोधलंस तरी ४३७ चौरस किलोमीटरपासून ६०३ पर्यंत आकडे मिळतील. लहान आकडा पालिकेच्या कागदांत वर्षानुवर्षं आहे, मोठा आकडा शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांच्या जनगणनेतल्या क्षेत्रफळांची बेरीज आहे. तुझ्या टिपेत कोणता घेतला ते लिहिलेलं नसेल, तर सहा महिन्यांनी तुला स्वतःलाच सांगता येणार नाही.

आता विश्लेषण. २६ जुलै २००५ चं उदाहरण मी दरवर्षी पहिल्या तासाला घेते. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७४. सॉफ्टवेअरला हे दोन बिंदू देऊन इंटरपोलेशन (मधल्या जागांचे आकडे अंदाजानं भरणं) करायला सांगितलं तर ते कुलाब्यापासून सांताक्रूझपर्यंत निळ्या रंगाचा अलगद चढ काढून देईल, आणि दादर-माहीमच्या पट्ट्यात पाचशेच्या आसपास आकडा टाकेल. तो आकडा कुणी मोजलेला नाही. ढग असे पायरीपायरीनं बरसत नाहीत. जवळच्या गोष्टींचं एकमेकींशी नातं जास्त असतं हे भूगोलतज्ज्ञ टोबलरनं १९७० मध्ये मांडलेलं तत्त्व या सगळ्या पद्धतींच्या मुळाशी आहे. पण 'जवळ' म्हणजे किती, हे प्रत्येक विषयात वेगळं ठरतं, आणि ते मोजणं हीच खरी विद्या. सेमीव्हॅरिओग्राम (अंतर वाढेल तसा आकड्यांतला फरक कसा वाढतो त्याचा आलेख) शिकवतील तेव्हा तो नेमका याच प्रश्नाचं उत्तर शोधत असतो, हे मनात ठेवून बस. त्या महापुरानंतर शहरात पाऊस मोजणारी स्वयंचलित केंद्रं का बसवावी लागली, हेही तिथेच कळेल.

हद्दींचं दुसरं दुखणं. पालिकेच्या जी उत्तर विभागात शिवाजी पार्क, माहीम आणि धारावी हे सगळं एकत्र येतं. या विभागाची सरासरी काढली, मग ती पाण्याची असो की घराच्या आकाराची, तर जो आकडा येतो तसं जगणारं माणूस त्या विभागात सापडणं कठीण. हाच डेटा २२७ निवडणूक प्रभागांवर मांडला की चित्र बदलतं, आणि २०१७ च्या निवडणुकीआधी प्रभागांच्या सीमा बदलल्या, त्यामुळे आधीच्या प्रभागांवर मांडला तर पुन्हा बदलतं. पुस्तकात याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. तू इतकंच कर: कोणताही निष्कर्ष काढलास की तो दुसऱ्या एका हद्दीवर मांडून टिकतो का ते बघ.

अंतराचंही तसंच. आरोग्य केंद्राभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढून आतली लोकसंख्या मोजायची, हा प्रत्येक विद्यार्थ्याचा पहिला प्रकल्प. मुंबईत त्या वर्तुळातून रेल्वेचे रूळ जातात. खिडकीतून दवाखान्याची पाटी दिसते, आणि पोटुशी बाई पादचारी पुलाचे जिने चढून-उतरून पाऊण किलोमीटर चालत जाते. वर्तुळ काढ, मग रस्त्यांच्या जाळ्यावरून चालण्याचं अंतर काढ, आणि दोन्हींतून कोण बाहेर पडलं ते शोध. त्या 'बाहेर पडलेल्यांत' तुझा शोधनिबंध आहे.

उपग्रहचित्रांबद्दल दोनच सावधगिरीच्या गोष्टी. सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची (चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) चित्रं फुकट मिळतात, लँडसॅटची ३० मीटरची २००८ पासून खुली आहेत, त्यामुळे दोन वर्षांची चित्रं घेऊन 'जंगल किती घटलं' हे काढायचा मोह होतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं बरंचसं जंगल पानगळीचं आहे. ऑक्टोबरचं हिरवंगार चित्र आणि एप्रिलचं करडं चित्र शेजारी ठेवलं तर एकही झाड न तोडता जंगल नाहीसं झालेलं दिसेल. ऋतू तोच घे, शक्य तर पंधरवडाही तोच. खाडीकाठी काम असेल तर त्या तारखेचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढ. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला उघडा पडलेला चिखल वर्गीकरणात जमीन म्हणून येतो, आणि मग 'भराव टाकला' असा निष्कर्ष कुणीतरी बातमीत देतं.

कोडिंगची भीती काढून टाक. आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिक, तेही पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसवर. 'या नाल्यापासून ५० मीटरच्या आत किती घरं' हा प्रश्न त्यात जवळजवळ बोलल्यासारखा लिहिता येतो, आणि प्रश्न नेमका मांडायची सवय लागते. लाखभर घरांवर चौकशी तासभर चालली तर स्पेशियल इंडेक्स लाव. तो आधी नुसत्या चौकटी तपासतो आणि दूरच्या आकृत्या बाजूला टाकतो, म्हणून काम सेकंदांवर येतं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा दुसऱ्या सत्रात घे. जे काम तू माउसनं तिसऱ्यांदा करत असशील, तेवढंच स्क्रिप्टमध्ये लिही. स्क्रिप्टचा मोठा फायदा असा की तू काय केलंस ते त्यात लिहिलेलं राहतं. गणितात तुला त्रिकोणमिती फारशी लागणार नाही. संख्याशास्त्र मात्र लागेल: सरासरी, विचलन, सहसंबंध, प्रतिगमन. त्यासाठी संख्याशास्त्राच्या कुणा विद्यार्थ्याशी मैत्री कर, तू त्याला नकाशे शिकव. पुढे गेट परीक्षेचा विचार असेल तर २०२२ पासून जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपर आहे, त्याचा अभ्यासक्रम एकदा डोळ्यांखालून घाल.

प्रबंधासाठी चालत फिरता येईल एवढं क्षेत्र घे. 'मुंबई महानगर प्रदेशाचा भूवापर' असले विषय नको. तुझ्या दाराशीच विषय आहे: २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं हे वस्त्यांमधल्या लोकांना भिंतीवरच्या खुणेसकट आठवतं. अशा शंभर खुणा जीपीएस आणि उंचीसह नोंदव. ढगांतून पाहणारी सेंटिनेल-१ ची रडार चित्रं आहेत, पण विषय ठरवायच्या आधी त्या तारखांना उपग्रह वरून गेला होता का ते बघ. पूर एका दिवसात ओसरतो. आणि एसआरटीएमच्या, म्हणजे अवकाशातून रडारनं मोजलेल्या, उंचीवर विसंबू नकोस. ती २००० सालची आहे, झाडांचे शेंडे आणि छपरंही तिच्यात मिसळलेली आहेत, चूक काही मीटरची असू शकते. दादरच्या हिंदमाताला पाणी गुडघाभर साचतं. मीटरांची चूक असलेल्या उंचीवरून ते गुडघाभर पाणी कसं शोधणार? तुझ्या शंभर खुणा त्या मॉडेलशी ताडून 'ते कुठे आणि किती चुकतं' एवढं जरी मांडलंस, तरी तो प्रबंध पुढे कुणाच्यातरी कामाला येईल.

राहिला क्लास. साठ हजार देऊ नकोस. देहरादूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात आणि त्यांचं प्रमाणपत्र या क्षेत्रात ओळखलं जातं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये क्यूजीआयएसचे धडे आहेत, ते लोकलमध्ये फोनवरही पाहता येतात. पैसे बाजूला काढलेच असतील तर लॅपटॉपची रॅम १६ जीबी करून घे, एसएसडी टाक, बॅकअपसाठी एक वेगळी हार्ड डिस्क घे. उरतील ते प्रबंधाच्या फिरतीसाठी ठेव. वांगणीच्या बाजूला रिक्षा बरीच लागेल.